लाल रेघ, निळी रेघ

११ फेब्रुवारी

ठमे,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, वाचल्याच्या खुणा येतात आणि पुढे चिडीचूप. म्हणून कागदावर लिहितेय. कागदाचं एक बरं असतं, तू वाचलंस की नाही ते मला कळणार नाही, आणि न कळल्यामुळे माझं डोकं तेवढं कमी फिरेल.

घाबरू नकोस, घरी ये म्हणून लिहीत नाहीये. कामासाठी लिहितेय. आमच्या लाकूड निर्यातदार संघाची वार्षिक सभा आहे आणि चिटणीस साहेबांनी माझ्याकडून एक तुलना मागितली आहे. आपला देश आणि तुमचा देश (हो, आता तुमचाच म्हणायचा), दोघांनी गेल्या बारा वर्षांत किती किमतीचं कठीण लाकूड बाहेर पाठवलं? ओंडके सोडून, फक्त कापलेल्या फळ्या. तुमच्याकडचे आकडे छापील मिळतात, आपल्याकडचे माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे काम तसं सोपं. आपली रेघ मी निळ्या रंगात काढली, तुमची लाल.

पहिली आठ-नऊ वर्षं निळी वर आहे, अगदी निवांत. मग ती उतरायला लागते आणि लाल चढायला. एका ठिकाणी दोघी एकमेकींना ओलांडतात, आणि तिथून लाल जी सुटते ती सुटतेच. त्या ठिकाणी खाली कुठलं साल आहे ते मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तू तिकडे गेलीस ते साल.

योगायोग असेल. मी कुठे काय म्हणतेय? पण इतकी वर्षं आकड्यांत काढल्यावर योगायोगाशी माझं फारसं पटत नाही. तुमच्याकडचं जंगल आहे तेवढंच आहे, हे तुमच्याच सरकारने छापलंय. जंगल तेवढंच आणि निर्यात दुप्पट! झाडं काय तुमच्याकडे जिने चढल्यासारखी वाढतात? आणि आपल्याकडे तोड तेवढीच, गाड्या तेवढ्याच, किंमत मात्र खाली. कुठेतरी पाणी मुरतंय.

तर साधा प्रश्न आहे. तुझ्या नवऱ्याची लाकूड वाळवायची भट्टी आहे, एवढंच मला माहीत आहे आणि तेही ऐकीव. त्याच्याकडे भट्ट्या किती, आणि तिथे वाळायला येणारं लाकूड येतं कुठून? दोन ओळींत लिही. बाकी काही लिहायची सक्ती नाही.

जावईबापू, पाकीट तुम्ही फोडलं असेल तर नीट चिकटवून तिला द्या.

आई


२ मार्च

ठमे,

पत्र मिळालं. दोन पानं. अक्षर तुझं आहे, वाक्यं कुणाची आहेत ते शोधतेय. 'तब्येतीस जपावे' असं तू जन्मात कधी म्हणाली नाहीस. तू म्हणतेस, 'आई, गोळी गिळलीस की ठेवलीस जिभेखाली?' तेव्हा ते वाक्य कुणीतरी सांगून लिहून घेतलंय. मला शेंडी लावायला जाऊ नका, माझे केस पातळ झालेत.

मागच्या खिडकीतून ऊन येतं, नवीन टेबल डुगडुगतं, वखारीतला कुत्रा करवत सुरू झाली की पलंगाखाली शिरतो. हे सगळं वाचलं. कुत्र्याचं दोनदा वाचलं. पण विचारलं होतं ते कुठाय? भट्ट्या दोन होत्या आता तीन झाल्या, हे एका ओळीत उरकलंस. तिसरी कधी बांधली ते नाही. आणि लाकूड कुठून येतं याचं उत्तर, 'येतं इकडून तिकडून.' असली उत्तरं तू निकाल लपवायचीस तेव्हा द्यायचीस. तेव्हाही मी दप्तराची झडती घेतलीच होती.

म्हणून मी गेल्या आठवड्यात स्वतः उठून सीमेवरच्या डेपोत गेले. तुझ्या जागी आता एक आडदांड गृहस्थ आहे, सगळे त्याला पैलवान म्हणतात. तू कशी नेमका एक घाव घालायचीस, हा दोन-दोन घालतो. फळी समोर आली की तिच्या टोकावर छापेचा हातोडा, टोकावर आपल्या देशाची खूण उठली की फळी गाडीत. सगळं ओलं लाकूड. हात लावला की हाताला ओल येते आणि साडीला आंबूस वास लागतो तो दोन धुण्यांत जात नाही. तू घरी यायचीस तेव्हा हाच वास यायचा आणि मी तुला ओरडायचे.

पैलवानाला विचारलं, 'हा सगळा माल जातो कुठे?'

'पलीकडे, ताई. भट्टीला.'

'आणि तिथून?'

'तिथून बंदरावर. सुकून जातो, चांगल्या भावाने.'

'आपल्या छापेने?'

तो हसला. 'छाप मारायचं काम आमचं, ताई. पुढचं तिकडचे बघतात.'

यात हसण्यासारखं काय होतं? पण एक गोष्ट लख्ख कळली. पूर्वी आपल्या फळ्या थेट बंदरावर जायच्या. आता त्या ओल्याच तुमच्याकडे जातात, कवडीमोलाने, म्हणून निळी रेघ खाली. वाळून तुमच्या बंदरातून भारी किमतीला जातात, म्हणून लाल रेघ वर. बरं, वाळवण्याचे पैसे घ्या, कोण नको म्हणतंय! पण दुसऱ्याचं लाकूड वाळवून पाठवलं तर ते वेगळं दाखवायचं असतं, असा दोन्ही देशांत नियम आहे. तुमच्या छापील आकड्यांत ते वेगळं कुठेच नाही. सगळं 'स्वदेशी'. म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, आपल्या फळीला तुमची म्हणून खपवतंय. आणि हे एका भट्टीवाल्याशिवाय होत नाही.

मी नाव घेतलेलं नाही. पण लग्नानंतर तू एकच फोटो पाठवलास आणि त्यात तो अर्धा कापला गेलेला. मुलीला आपल्या नवऱ्याचा पुरता चेहरा आईला दाखवावासा वाटत नाही, तर आईने काय समजायचं? लग्न करून मग कळवलंस, ते मी गिळलं. (गिळलं नाही, पण ते असो.) हे गिळणार नाही.

आई


२१ मार्च

सौ. भट्टीवाले यांस,

चार ओळींचं पत्र पावलं. या चार ओळी मात्र तुझ्याच आहेत, सांगणाऱ्याची हिंमत होणार नाही. 'आई, तो चोर आहे म्हणून तुला राग नाहीये. तुला राग आहे म्हणून तो चोर आहे.' वा! माझ्याच घरात शिकलीस हे बोलायला.

मग सांग ना, चुकतेय कुठे मी? रेघा मी काढल्या का? आकडे दोन सरकारांचे आहेत. मी फक्त शेजारी शेजारी ठेवले.

इथे गोष्टी जरा पुढे गेल्यात. चिटणीस साहेब रेघा बघून खुर्चीतून उठलेच. त्यांना सभेत नुसती शंका नकोय, एखादा नमुना हवाय. एखादी वखार, एखादी गाडी, दाखवता येईल असं काहीतरी. त्यांच्या ओळखीने तुमच्या बंदरावरचे कागद मिळाले, त्यांत सीमेजवळच्या बऱ्याच वखारी आहेत. कुठली घ्यायची ते अजून ठरलेलं नाही.

हो, आणि त्यांनी मला विचारलं, 'पलीकडे तुमचं कुणी आहे का? असेल तर आधीच सांगा, नंतर लोक बोट दाखवतील.' मी म्हटलं, 'कुणी नाही.' तूच सांग, खोटं बोलले का? ज्याच्या घरी आपल्याला पाणी प्यायलासुद्धा बोलावलेलं नाही त्याला आपलं म्हणायची पद्धत मला माहीत नाही.

तुझ्या खोलीत मी आता इस्त्री करते. उजेड चांगला आहे. इस्त्रीचं टेबल हलवता येण्यासारखं आहे, हे आपलं माहितीसाठी.

आई


९ एप्रिल

ठमे,

सभा झाली. माझ्या रेघा भिंतीवर एवढ्या मोठ्या लावल्या होत्या की मागच्या रांगेतल्या डुलक्या घेणाऱ्यांनीही माना वर केल्या. लाल निळीला ओलांडते तिथे चिटणीसांनी छडी ठेवली. मग टाळ्या. इतक्या वर्षांत माझ्या कामाला टाळ्या पडल्याचं मला आठवत नाही. एकजण तर येऊन म्हणाला, 'बाई, तुम्ही चोराच्या दारापर्यंत नेऊन सोडलंत.'

तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगते. नमुना म्हणून तुझ्या नवऱ्याची वखार दिली. कुठली तरी द्यायचीच होती. मागच्या पत्रात ठरलं नाही असं लिहिलं तेव्हा ते ठरलेलं होतं, नाव माझ्याच हाताने लिहून झालं होतं. कागद बघत गेले तर त्याच वखारीच्या गाड्या सगळ्यांत जास्त, आणि एकाही गाडीवर आपल्या देशाचं नाव नाही. मी डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायला हवं होतं का? जावई म्हणून?

तक्रार आता सरकारात जाईल. दोन्हीकडची मिळून समिती बसेल. मी आकड्यांची साक्ष देणार आहे.

त्याने काही केलं नसेल तर त्याला भ्यायचं कारण नाही. आणि केलं असेल तर तुला कळायला हवं की तू कुणाच्या घरात राहतेस. मग तू ये. कुणी काही विचारणार नाही. मी विचारणार नाही, हे लिहून देते.

मला तुझी फार आठवण येते गं. आठवण आली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड आहे, तुला माहीत आहे.

आई


७ मे

ठमे,

एक महिना झाला, तुझं काही नाही. म्हणून मी आले होते.

हो, तिकडे. तुमच्या वखारीपाशी. तुला सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर तुम्ही सगळं आवरून ठेवलं असतंत. संशय घ्यायचा तर पुरता घ्यावा, असा विचार करून मी सकाळची बस पकडली आणि दुपारी तुमच्या फाटकासमोर, त्या पंक्चरच्या दुकानाच्या सावलीत उभी राहिले. दुकानदाराला वाटलं मी रिक्षाची वाट बघतेय. त्याने स्टूल दिलं.

आत भट्टीच्या दारातून वाफ येत होती आणि वाळलेल्या फळ्यांची चळत बाहेर काढत होते. मग करवत सुरू झाली आणि तो तपकिरी कुत्रा ऑफिसच्या दारात शेपूट घालून पळाला. करवतीवर कोण आहे बघितलं तर तू. डोक्याला फडकं, कानांवर ते मोठे गोळे, हातात जाड मोजे. फळी पुढे ढकलायची, टोक कापायचं, फळी फिरवायची, दुसरं टोक कापायचं. कापलेली टोकं खाली ढकलगाडीत पडत होती. गाडी भरली की एकजण ती भट्टीच्या तोंडाशी नेऊन आत उपडी करत होता. आणि मला, आकड्यांच्या बाईला, ते बघूनही पहिल्यांदा काही कळलं नाही. मी फक्त तू बारीक झालीस का ते बघत होते.

तेवढ्यात फाटकातून एक गृहस्थ बाहेर आला. उंच, खांद्यावर भुसा, एक कान दुसऱ्यापेक्षा जरा पुढे आलेला. हा दुसरा अर्धा, मी मनात म्हटलं.

'कुणाला भेटायचंय का, बाई?'

'नाही नाही. रस्ता चुकले.'

'बाहेर कशाला बसलात, आत या.'

'इथेच बरी आहे.'

तो आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन परत आला. मी पाणी प्यायले. फाटकापाशी ढकलगाडीतून एक टोक पडलं होतं. मी ते उचललं. त्याला भेगाच भेगा गेल्या होत्या, आणि त्या भेगांमधून आपल्या डेपोची छाप. दोन घाव, पैलवानाचे.

मी शक्य तितक्या अडाणीपणाने विचारलं, 'हे चांगलं लाकूड कापून जाळता का हो?'

'चांगलं कुठलं, बाई! ओलं लाकूड वाळताना आधी टोकाकडून वाळतं. टोकं फाटतात. वीतभर दोन्हीकडून कापावीच लागतात, नाहीतर चीर आत पळते आणि गिऱ्हाईक अख्खी फळी परत पाठवतं.'

'आणि ही छाप?'

'ती गेली भट्टीत. तीच तर पंचाईत आहे. तिकडचे लोक छाप टोकावरच मारतात. वर्षानुवर्षांची सवय. पूर्वी लाकूड ओलंच बंदरावर जायचं, तेव्हा चालायचं. आता वाळवायचं म्हटलं की पहिल्यांदा टोकच जातं. आणि आमच्याकडचा नियम असा की टोकावर छाप नसेल तर माल इथलाच धरायचा.'

'मग तुम्ही कागदावर खरं नाव का नाही लिहीत?'

'लिहिलं होतं. आमच्या हिने पहिल्या गाड्यांवर तिकडचंच नाव घातलं, ऐकेचना. बंदरावरून सगळ्या परत आल्या. छाप दाखवा म्हणाले. छाप राखेत. पाऊस लागला, अर्धा माल खराब झाला. मग मीच म्हटलं, बाई गं, नियम सांगतो तसं लिही. कागदांचं सगळं तीच बघते, सहीसुद्धा तिचीच.'

सही तुझी.

मी ज्या कागदांच्या नकला चिटणीसांना काढून दिल्या त्यांवर खाली एक गिचमिड सही होती. मला वाटलं त्याची. मी ती बघितलीच नाही नीट, कारण मला कुणाची हवी होती ते आधीच ठरलेलं होतं. ठमे, लग्नानंतर तू सही बदललीस हे मला कुणी सांगायचं?

त्याने मला बसथांब्यापर्यंत सोडलं. वाटेत म्हणाला, 'तुमच्याकडे बस साडेसहाला पोचते ना? अंधार नाही पडायचा.' मी त्याला कुठून आले ते सांगितलेलं नव्हतं. म्हणजे त्याने मला ओळखलं होतं. केव्हा ओळखलं असेल? पाण्याच्या आधी की नंतर? हे मला अजून छळतंय. आणि ओळखलं तर बोलला का नाही? तुला सांगितलं का? सांगितलं असेल तर तू फाटकापर्यंत का आली नाहीस?

की आली होतीस?

आई


२४ मे

ठमे,

तुझी ओळ मिळाली. 'भट्ट्यांना सील लागलं. समितीने मला बोलावलंय, त्याला नाही.' त्याखाली तुझी नवी सही. ती मी आता नीट बघितली.

मी गप्प बसलेली नाही. परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी चिटणीसांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, साहेब, हे चोरीचं प्रकरण नाहीये, हे टोकाचं प्रकरण आहे. आपण छाप टोकावर मारतो, ते टोक कापतात, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. छाप फळीच्या अंगावर मारायला लागू, प्रश्न मिटला. ते म्हणाले, अंगावर मारली तर गिऱ्हाईक डाग म्हणून भाव पाडतं. मी म्हटलं, मग अहवाल तरी मागे घेऊया. त्यांनी रेघांचा कागद माझ्यापुढे सरकवला.

'तुम्ही काढलेल्या रेघा आहेत, बाई. तुम्हीच म्हणालात, योगायोगावर तुमचा विश्वास नाही.'

'चूक झाली म्हणते ना.'

'अहो, टाळ्या पडल्यात. आता चूक कशी होईल?'

मग खुर्ची पुढे ओढून हळूच विचारलं, 'तुमच्यावर तिकडून कुणी दबाव आणतंय का?' बघ, आता माझाच संशय यायला लागला लोकांना. माझं औषध मलाच पाजताहेत.

टपालाने त्यांना सगळं लेखी दिलंय. उत्तर नाही. तुझी साक्ष पुढच्या महिन्यात २१ तारखेला, सोमवारी आहे, माझी त्याच्या आदल्या शुक्रवारी. तू वकील केलास का? जावईबापूंना विचार, माझी शिल्लक आहे, ती घ्याल का. तू नाही म्हणशील, म्हणून त्यांना विचारायला सांगतेय.

मला भीती वाटतेय. तुझी सही तुरुंगापर्यंत जाईल का हे मला कुणी धड सांगत नाही.

आई


१८ जून

ठमे,

आधी कामाचं. सोमवारी तुला जायचं नाही. बोलावणं रद्द झालं, तसं पत्र आज-उद्या पोचेल, पण सरकारी टपालावर माझा भरवसा नाही म्हणून हे सकाळच्या बसवाल्याच्या हाती पाठवतेय. सील निघेल. भट्ट्या पेटवायची तयारी करा. आमचा अहवाल समितीने बाद केला. तक्रार नुसती त्या अहवालावर उभी होती, ती पण गेली. दोन्हीकडची माणसं मिळून आकडे नव्याने गोळा करणार आहेत, आणि टोकाचं काय करायचं ते ठरेपर्यंत कुठल्याच वखारीवर काही करायचं नाही असं ठरलं. मला रजेवर पाठवलंय. पगार चालू आहे, काळजी करू नकोस. पुन्हा त्या टेबलावर बसवतील असं वाटत नाही.

आता झालं काय ते सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल ते मीठमसाला लावून सांगेल.

लांबलचक टेबल, एका बाजूला आपले, एका बाजूला तुमचे, मधे अध्यक्ष. म्हातारे आहेत, ऐकू कमी येतं, पण प्रश्न बरोबर विचारतात. माझ्या रेघा भिंतीवर होत्याच. मी आकडे सांगितले आणि लगेच म्हटलं, यावरून मी काढलेला अर्थ चुकीचा आहे. ते फाटलेलं टोक मी पिशवीतून नेलं होतं. ते टेबलावर ठेवून सगळं समजावलं. ओल, चिरा, करवत, भट्टी. मला वाटलं, झालं, आता कुणालाही कळेल.

तुमच्याच बाजूचा, सगळं एका वखारीवर ढकलून सरकारी आकडे वाचवायला आलेला एक टाय लावलेला माणूस म्हणाला, 'म्हणजे खूण कापून जाळली. आम्हीही तेच म्हणतोय.'

मी म्हटलं, 'लाकूड वाचवायला कापली.'

'सही करणाऱ्या बाईला खूण कुणाची आहे ते माहीत होतं का?'

त्यावर आपल्या चिटणीसांनीच कागद पुढे केला. 'माहीत होतं. ही सही करणारी बाई लग्नाआधी आमच्याच डेपोत छापेचा हातोडा मारायची. तिच्याइतकी ती छाप कुणालाच माहीत नसेल.' कुठून शोधून काढलं देव जाणे. म्हणजे मी तुला सोडवायला जे जे बोलले त्याने तुझ्याभोवती दोरी आवळतच गेली. अध्यक्षांनी लिहायला पेन उचललं. टायवाला म्हणाला, 'जाणूनबुजून केलं, एवढंच नोंदवा.'

माझ्याकडे आकडा एकही उरला नव्हता. मी उठले.

'साहेब, एक सांगायचं राहिलं. ही बाई माझी मुलगी आहे.'

अध्यक्षांनी कानामागे हात धरला. मला ते पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. 'माझी मुलगी आहे. माझा तिच्या लग्नाला विरोध होता. जावयाचा राग होता म्हणून इतक्या वखारींतून त्याचीच वखार मी निवडली. त्याला चोर ठरवायचंच होतं मला. या अहवालातल्या रेघा खऱ्या आहेत, बाकी सगळं माझ्या घरचं भांडण आहे.'

ठमे, चिटणीसांचा चेहरा काय झाला म्हणून सांगू! टायवाल्याने फाइल मिटली. घरच्या भांडणावर दोन सरकारांची तक्रार चालवायची म्हणजे हसं होईल, हे त्याला माझ्याआधी कळलं. ते आपसांत कुजबुजले, मग मला बाहेर बसवलं, मग पुन्हा आत बोलावून अहवाल बाद झाल्याचं वाचून दाखवलं. मी सही केली. माझीच सही मला ओळखू येईना.

निघताना अध्यक्षांनी थांबवलं. रागावतील असं वाटलं. पण ते म्हणाले, 'बाई, चिटणीस म्हणाले, तुम्हाला संघाने विचारलं होतं, पलीकडे तुमचं कुणी आहे का. तुम्ही नाही म्हणालात. का?'

मी म्हटलं, 'आमचं बोलणं नव्हतं.'

'आणि आता आहे?'

मी म्हटलं, 'तिला विचारून सांगते.'

विचारतेय.

आई